ताईच्या रेझ्युमेवर केलेल्या खुणा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेल्या रेझ्युमेची झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. कारखान्यात मशीन शॉपवर घ्यायच्या मुलांचे अर्ज साहेब आधी माझ्याकडे देतात, म्हणून हक्कानं लिहितो.

सगळ्यात वरचं 'ऑब्जेक्टिव्ह' खोडलंय. तीच वाक्यं प्रत्येक अर्जात असतात, कुणी वाचत नाही. धर्म, जात, रक्तगट, वैवाहिक स्थिती हेही काढ. तो लग्नाचा बायोडाटा झाला. आधार नंबर तर रेझ्युमेवर कधीच टाकू नकोस. पुढे कागद मागितलेच तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता ट्रेनिंग. ते तू एका ओळीत संपवलंस, 'नामांकित कंपनीत सहा आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण'. अगं, त्या उन्हाळ्यात तू घरी यायचीस तेव्हा मशीनवरच्या कूलंटच्या वासामुळे आई तुझी ओढणी वेगळी धुवायची. भोकाचा आतला व्यास मोजायचं बोअर गेज हलवत हलवत सगळ्यात कमी रीडिंग कसं पकडायचं, ते तू मला जेवता जेवता चमचा धरून दाखवलं होतंस. ते लिही ना! '२५ एच ७ बोअरची बोअर गेजने तपासणी, रोज साधारण ६० नग, कंट्रोल चार्ट भरणे', एवढं इंग्रजीत नीट बसव. ही ओळ आली की माझ्यासारखा माणूस थांबतो, कारण २५ एच ७ ची मर्यादा, २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, यात बोअर राखणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक असतं. सॉलिडवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरपुढचे पाच तारे मात्र काढ. तू त्यात दोनच ड्रॉइंग केलीस, आणि मुलाखतीला कधी कधी थेट कॉम्प्युटरसमोर बसवतात.

मला झोप लागली नाही ती तारखांमुळे. डिप्लोमा '२०२१ ते २०२५' असा सरळ लिहून मधलं वर्ष तू गिळून टाकलंस. ते वर्ष माझं काम सुटल्यामुळे गेलं, फी भरता आली नाही म्हणून. तुझी त्यात काडीची चूक नव्हती. आणि तू रिकामी कुठे बसलीस? मेडिकलच्या दुकानात वर्षभर बिलिंग केलंस, एक्सपायरी बघून माल वेगळा काढलास. मार्कशीटवर वर्षं छापलेली असतात, कागद तपासताना ते दिसणारच. तेव्हा लिही, '२०२३-२४ : आर्थिक अडचणीमुळे शिक्षणात खंड, औषधांच्या दुकानात बिलिंग व स्टॉक'. विचारलं तर मान वर करून सांग. माझी लाज राखायला लपवलं असशील, तर नको गं लपवूस.

एक पान पुरे. दोन रकाने आणि चौकटी नकोत. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं, चौकटीतला मजकूर त्यातून कधी कधी सुटतो. जाहिरातीत 'क्वालिटी इन्स्पेक्शन' म्हटलं असेल तर तेच शब्द ठेव. फाईल पीडीएफ कर आणि तिला तुझं नाव व पदाचं नाव दे.

खुणा केलेली प्रिंट रविवारी चिवड्याच्या डब्याबरोबर मामाकडे देतो. मंगळवारपर्यंत नवीन पाठव. चाकणच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.

तुझे
बाबा