१०३ नंबरच्या आजी, तुम्ही आमचाही नंबर लावलात

प्रिय आजी,

येत्या एप्रिलपासून आपल्या बारा घरांच्या गटाचं हानचोपद, म्हणजे गटप्रमुखाचं काम, आमच्या घराकडे येतंय. परवा तुम्ही ती जाड फाइल, पावतीपुस्तक आणि कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीसाठी जपून ठेवलेल्या जादा दोऱ्या माझ्या हाती दिल्यात. फाइलच्या पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात वर्षभराच्या कामांची यादी आहे, आणि माझ्यासाठी प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी चित्रलिपीतल्या अक्षराच्या, डोक्यावर तुम्ही बारीक पेन्सिलने हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी सोपी अक्षरं, लिहून ठेवलाय. तेव्हापासून तुमचे आभार मानायचं मनात आहे. समोरासमोर मानायला गेलं की तुम्ही हात हलवून नाही-नाही म्हणता आणि विषय हवामानाकडे नेता. म्हणून लिहितेय.

पत्र मराठीत आहे. माझी लेक ते तुम्हाला जपानीत वाचून दाखवेल. पण ते माझ्या मराठी माणसांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे, त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या कितीतरी गोष्टी मी इथे पहिल्यापासून सांगणार आहे. तेवढं चालवून घ्या. तुम्हाला मी हाक मारते ती आडनावापुढे 'सान' लावून, जपानी रीतीप्रमाणे. घरात मात्र तुम्ही आमच्या 'खालच्या आजी' आहात.

आपण राहतो ते निशी-कासाई तोक्योच्या एदोगावा वॉर्डात. इ. स. २००० च्या सुमाराला संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतातून बरेच इंजिनिअर इथे आले. तोझाई लाइनची गाडी इथून थेट ओतेमाचीच्या ऑफिसांकडे जाते, म्हणून अनेकांनी याच भागात घरं घेतली. आज इथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, गणपतीला आरती म्हणायला माणसं मिळतात. मनात आणलं तर जपानी शेजाऱ्याशी एक वाक्य न बोलता इथे वर्षानुवर्षं राहता येतं. आमचंही तसंच झालं असतं. पण तुम्ही काइरानबान घेऊन दारात आलात.

मराठी वाचकांसाठी सांगते: काइरानबान म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाची, चोनाइकाइची, फिरती पाटी. क्लिपबोर्डवर सूचना लावलेल्या असतात: फ्लूची लस कधी, गटारसफाई कधी, कोणाचं मांजर हरवलंय, उत्सवाच्या वर्गणीचं काय झालं. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. ज्या काळात लोक एका बोटावर जगभर निरोप पाठवतात, त्या काळात आपल्या गल्लीत मांजर हरवल्याची बातमी बारा दारं चालत फिरते. अनेकदा पाटीच्या आधी मांजरच घरी पोहोचतं. तरीही पाटी पूर्ण फिरते, कारण ती फिरली म्हणजे बाराही घरांत माणसं ठीक आहेत हे कळतं. हे मला तुम्हीच सांगितलंत. वरच्या एकट्या आजोबांच्या दाराला पाटी दुसऱ्या दिवशीही तशीच लटकलेली दिसली, तेव्हा तुम्ही जिना चढून त्यांची घंटा वाजवलीत. ते तापाने पडून होते.

शिक्क्यासाठी तुम्ही मला शंभर येनच्या दुकानात घेऊन गेलात. तिथे जपानी आडनावांचे तयार हांको गोल रॅकवर टांगलेले असतात. आमचं आडनाव तिथे असण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरी तुम्ही चष्मा लावून अख्खा रॅक सावकाश फिरवून पाहिलात, एखादा असलाच तर राहून जायला नको म्हणून. मग स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडे नेलंत आणि आमचं लांबलचक आडनाव कताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या लिपीत, त्या इवल्याशा गोलात बसेल का, यावर त्याच्याशी मनापासून चर्चा केलीत. बसलं. आज पाटीवर तो शिक्का इतर अकरांच्या रांगेत उमटतो तेव्हा मला फार बरं वाटतं.

त्या वर्षी मंडळाच्या सभेत कोणीतरी मायेनेच म्हणालं होतं की परदेशी कुटुंबाला कचऱ्याच्या कामातून वगळू या, त्यांना कशाला त्रास. तुम्ही म्हणालात, "त्यांच्या घरी कचरा होतो ना? मग ते जाळीची घडीही घालतील." सगळे हसले आणि आमचं नाव यादीत आलं. आजी, मला तुमचे आभार मानायचेत ते सगळ्यात आधी याच वाक्याबद्दल. सवलत देणारे पुष्कळ भेटतात, आणि ते चांगलेच असतात. पण सवलत मिळालेला माणूस पाहुणाच राहतो. तुम्ही आमचा नंबर लावलात आणि त्या नंबरामुळे ही गल्ली आमच्याशी बोलायला लागली.

कचऱ्याच्या कोपऱ्यावर उभं राहिल्याशिवाय गल्ली कळत नाही, हे माझं आता ठाम मत आहे. आठच्या आत पिशव्या बाहेर, त्यांवर जाळी, गाडी गेली की जाळी झटकून घडी आणि खाली झाडू. बाटलीचं बूच वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली विसळून वेगळी. दुधाचा खोका कापून, धुऊन, वाळवून, सपाट करून गठ्ठ्यात. आणि या सगळ्यावर देखरेख कोपऱ्यावरच्या काकांची. रेल्वेतून निवृत्त झालेले हे काका अजूनही बोट दाखवून मोठ्याने खात्री करतात: "जाळी, ठीक! दोरी, ठीक! वीट, ठीक!" रेल्वेच्या प्रत्येक सिग्नलला जपानी चालक असंच करतात, आणि काकांनी ती शिस्त कचऱ्यालाही लावली आहे. कावळ्यांशी त्यांचं जुनं वैर आहे. त्यातला एक विजेच्या तारेवर बसून काकांची पाठ फिरायची वाट बघतो. काकांना ते ठाऊक आहे, म्हणून ते घरी जाताना उलटे चालतात. माझ्या लेकीला शाळेत आवडत्या माणसाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने काका आणि कावळा एकाच कागदावर काढले. काकांनी ते फ्रेम करून लावलंय. त्यातही कावळ्याचा आकार जरा मोठा झालाय अशी त्यांची तक्रार आहेच.

कोबानमधल्या, म्हणजे छोट्या पोलीस चौकीतल्या, तरुण पोलिसाकडेही तुम्हीच पाठवलंत आम्हाला. लेकीला रस्त्यात दहा येनचं नाणं सापडलं होतं. मी ते देवळात टाकू म्हणाले असते. तुम्ही म्हणालात, नाणं हरवलेला माणूस शोधत असेल. त्या पोलिसाने टोपी नीट केली, खुर्ची पुढे ओढली आणि सात वर्षांच्या मुलीला विचारलं: कुठे सापडलं, किती वाजता, जवळपास कोण होतं? सगळं लिहून घेतलं. शेवटी उभं राहून सलाम केला. दहा येनात इथे एक चॉकलेटही धड येत नाही. त्या दिवसापासून माझी मुलगी या शहरात स्वतःला जबाबदार नागरिक समजते, आणि मला तिची समजूत बरोबर वाटते.

बाबागाडीतून म्हातारा शिबा कुत्रा फिरवणाऱ्या बाईंशी तुम्ही ओळख करून दिलीत ती कुत्र्याच्या नावाने. बाईंचं स्वतःचं नाव आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. हिवाळ्यात भाजलेल्या रताळ्यांची गाडी गाणं वाजवत येते आणि पैसे घेऊन खाली उतरेपर्यंत नेमकी पुढच्या वळणावर गेलेली असते. तुम्ही तिची वेळ आणि वाट दोन्ही सांगून ठेवलीत, त्यामुळे आम्ही आता पुढच्या वळणावरच उभे राहतो.

आता डब्याबद्दल.

पहिल्यांदा तुम्ही निळ्या झाकणाच्या डब्यातून कोमात्सुना आणलीत, उकडून, वर तीळ पेरून. ही पालेभाजी याच भागातल्या कोमात्सुगावाच्या नावाने ओळखली जाते, आठव्या शोगुनाने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाने, योशिमुनेने, तिचं बारसं केलं अशी आख्यायिका आहे, हे सांगताना तुमचा चेहरा अभिमानाने फुलला होता. डबा रिकामा परत करायचा नाही हे मला माझ्या आजीने कोल्हापुरात शिकवलेलं. मी शंकरपाळ्या भरून दिल्या. पण डबा रिकामा परत करायचा नाही हे तुम्हालाही तुमच्या आजीने शिकवलेलं होतं. तुम्ही संत्री भरून आणलीत. मी चकल्या. तुम्ही मुळ्याचं पिवळं लोणचं. मी कोमात्सुनाची लसणीची फोडणी दिलेली, बेसन पेरलेली भाजी. दोन्हीकडच्या आज्या इतक्या पक्क्या निघाल्या की हा डबा आजतागायत एकदाही रिकामा जिना चढला-उतरलेला नाही. तो मुळात तुमचा होता एवढंच आठवतं. आता तो जिन्याचाच झालाय.

त्यातही मार्चची देवघेव मला सगळ्यात प्रिय. वसंतातल्या विषुवदिनाच्या आठवड्यात, हिगानला, तुम्ही घरच्या दिवंगतांसाठी ओहागी करता, भाताचे गोळे आणि वर गोड लाल चवळीचा लेप. त्याच सुमाराला आमची होळी येते. पहिल्या वर्षी मी पुरणपोळी दिली, तेव्हा इतर शेजाऱ्यांसारखा 'डाळ आणि गोड?' असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तुकडा तोडलात, आतलं पुरण निरखलंत आणि म्हणालात, "याला शिजवायला वेळ दिलाय." डाळ घोटून दुखणाऱ्या हाताला याहून मोठी दाद नाही. तुमच्या यजमानांच्या फोटोसमोर ओहागीशेजारी तुम्ही अर्धी पोळी ठेवलीत. मी पाहिलं होतं, तुम्हाला तेव्हा काही बोलले नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आपले योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन जिना चढून आलात आणि विचारलंत, "तुमच्या नात्यातले का?" नाही म्हटल्यावर थोड्या हिरमुसलात, आणि तरी अभिनंदन आमचंच केलंत.

त्याच वर्षी मे महिन्यात वॉर्डाने पुराचा नवा नकाशा घरोघर वाटला. आराकावा आणि एदोगावा या नद्यांमधला आपला हा भाग मोठ्या प्रमाणात भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नकाशाच्या मुखपृष्ठावर आपल्या वॉर्डावर सरळ लिहिलं होतं: इथे थांबू नका. स्वतःच्या रहिवाशांना इतकं स्पष्ट सांगणारं सरकारी कागदपत्र मी पाहिलं नव्हतं. तुम्ही तो नकाशा आमच्या फ्रिजवर स्वतःच्या हाताने चिकटवलात. ऑक्टोबरच्या १२ तारखेला हागिबिस वादळ आलं आणि वॉर्डाच्या मोठ्या भागाला घर सोडायची सूचना झाली, तेव्हा नवरा ऑफिसच्या कामाने भारतात होता. पाऊस वाढायच्या आत तुम्ही दारात उभ्या होत्या, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिशवी, हातात माझ्या लेकीसाठी दुसरं हेल्मेट. ते तुम्ही केव्हाच घेऊन ठेवलं होतं. तिच्या मापाचं.

शाळेच्या व्यायामशाळेत ती रात्र काढली, आणि आपली अख्खी गल्ली तिथे जशीच्या तशी उतरली होती. काकांनी दारातले बूट जोडीजोडीने रांगेत लावून बोटाने खात्री केली. शिबा कुत्र्याच्या बाईंनी बाबागाडी दाराबाहेरच्या आडोशाला उभी केली आणि रात्रभर तिथेच बसल्या. लोक आळीपाळीने त्यांना चहा नेऊन देत होते. नदीची पातळी मोबाइलवर बघून माझे हात गार पडत होते. तुम्ही माझा मोबाइल घेतलात, बंद केलात आणि लेकीला कागदाचे बगळे घडवायला बसवलंत. सकाळ झाली. आराकावा बांधाच्या आतच राहिली होती. आणि साडेसहा वाजता रोज बागेत रेडिओ ताइसो घेणारे आजोबा उठून उभे राहिले. १९२८ साली सुरू झालेली ही रेडिओवरची कवायत त्यांनी लहानपणापासून चुकवलेली नाही. रेडिओ बरोबर आणलेला नव्हता. मग त्यांनी पियानोची धून तोंडाने वाजवली, खणखणीत आवाजात, आणि रात्रभर जागलेली ती सगळी माणसं, पांघरुणांत गुंडाळलेली बाळं कडेवर घेऊन, हात वर करून कवायत करू लागली. मीही केली. माझ्या शेजारी तुम्ही होत्या, हेल्मेट न काढता. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आजी, त्या रात्रीसाठी आभार मानायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत पुरेसं काही नाही. पण मानते. अगदी मनापासून मानते.

आता कामाचं. फाइलमधलं उत्सवाच्या वर्गणीचं पान मी वाचलं, पण दोन घरांपुढे तुम्ही लाल टिंब काढलंय त्याचा अर्थ कळला नाही. वरच्या आजोबांना जिने उतरणं जड जातं, तर त्यांचा कचऱ्याचा वार मी घेतला तर चालेल का, की त्यांना ते आवडणार नाही? तुम्ही सांगाल तसं करीन. एप्रिलच्या सभेसाठी चहा मी करणार आहे, आलं घालून. काकांच्या कपात साखर कमी. शनिवारी सकाळी फाइल घेऊन खाली येते. डबाही आणते, या वेळी त्यात पोळ्या आहेत.

तुमची,
३०२ मधली