तक्रार: नवा मिनी लेथ जॉब निमुळता कापतो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

दसऱ्याला आपल्याकडून घेतलेला मिनी लेथ (180 मिमी स्विंग, सेंटरमधलं अंतर 350 मिमी, किंमत 68,500 रुपये) सरळ कापत नाही. चार फोन आणि तीन ईमेल झाले. फोनवर दर वेळी नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

मी टर्नर नाही. बँकेतून निवृत्त झालो. घरी जुनी येझदी मोटरसायकल आहे, तिचे बुश, स्पेसर, कॉलर अशी किरकोळ कामं स्वतः करावीत एवढ्यासाठी लेथ घेतला. कोल्हापुरात उद्यमनगरात हवं ते करून मिळतं, पण एका बुशसाठी चालू काम थांबवायला कुणी राजी नसतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. घेण्याआधी मी आपल्याला एकच प्रश्न विचारला होता: 100 मिमी लांबीत टेपर, म्हणजे दोन टोकांच्या व्यासातला फरक, किती येतो? उत्तर आलं, ‘0.02 च्या आत’, अर्थात मिलिमीटर. तो ईमेल सोबत जोडला आहे.

पहिलाच जॉब स्विंग आर्मचा गनमेटल बुश, 40 मिमी लांब. चकाकडचं, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याकडचं टोक मापात आलं, बाहेरचं जवळजवळ 0.04 ने कमी. दाबून बसवायच्या बुशची सगळी पकड मुळात दोन-चार शतांश मिलिमीटरची. हा एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला बोटाने हलणारा. गनमेटलचा भाव आपल्याला ठाऊक असेलच.

मग रीतसर चाचणी घेतली. 25 मिमीचा बार चकातून 130 मिमी बाहेर काढला, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक लावला नाही. मधला भाग उतरवून 100 मिमी अंतरावर दोन कॉलर ठेवल्या आणि टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्हींवरून 0.05 चा शेवटचा कट फिरवला. मायक्रोमीटरवर चकाजवळ 24.64, बाहेर 24.55. तीनदा केलं, फरक 0.09, 0.09, 0.08.

आपलं पहिलं उत्तर, ‘चक काढून, साफ करून बसवा.’ चक खराब असेल तर जॉब आउट, म्हणजे केंद्र सोडून फिरेल, पण एकाच पकडीत कापलेला भाग स्पिंडलच्याच अक्षावर गोल होणार. त्याने टेपर येत नाही. तरी साफ केला. दुसरं उत्तर, ‘जॉब वाकत असेल.’ वाकला तर तो टूलपासून लांब सरकतो, म्हणजे बाहेरचं टोक जाड यायला हवं. माझं बारीक येतंय! तिसऱ्यांदा बेडला पीळ पडल्याची शंका काढली. टेबलाचे बोल्ट सैल करून पुन्हा कापलं, फरक तोच. म्हणजे स्पिंडल धरणारा हेडस्टॉकच टूलच्या बाजूला तिरका बसलाय, 100 मिमीत साधारण 0.045, व्यासातल्या फरकाच्या निम्मा.

चौथ्या फोनवर तंत्रज्ञांनी हे मान्य केलं आणि म्हणाले, ‘बोल्ट सोडून खाली शिम (पातळ पत्रा) घाला.’ हेच लेखी द्या म्हटलं, तर ईमेल आला की ग्राहकाने हेडस्टॉक खोलल्यास वॉरंटी रद्द. मग मी नेमकं करायचं काय?

आणखी एक. खोक्यात तपासणीचा कागद होता. त्यावर सगळे आकडे छापील, खाली सही तेवढी पेनाची, मशीन नंबरची जागा कोरी. हा कागद कोणत्या मशीनचा, एवढं तरी कळवा.

माझी मागणी अशी: हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपल्या माणसाने येऊन माझ्यासमोर हेडस्टॉक सरळ करावा आणि वरचीच चाचणी 0.02 च्या आत आणून दाखवावी. जमत नसेल तर मशीन आपल्या खर्चाने परत न्यावं आणि पूर्ण रक्कम द्यावी. ‘सेटल व्हायला वेळ लागतो’ हे उत्तर नको, ओतीव लोखंड वापराने सरळ होत नाही. मुदतीत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो, त्यामुळे आपल्या शहरात खेटे घालायची मला गरज नाही.

बिल, आपले ईमेल, मायक्रोमीटरचे फोटो आणि तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. बुशही जपून ठेवलाय. येणार असाल तर दोन माणसं पाठवा, मशीन जड आहे आणि आमचा जिना अरुंद.

आपला,
एक ग्राहक
कोल्हापूर