मॉन्टेरीतली माकुलं आणि दिव्यांच्या होड्या

मॉन्टेरी, कॅलिफोर्निया
जून 2025

ती. बाबांस साष्टांग नमस्कार,

घरी मासेमारीची पावसाळी बंदी लागली असेल, होड्या वर ओढून झाकल्या असतील आणि आई सुक्या बांगड्यावर भागवत असेल. अशा दिवसांत ताज्या मासळीचं वर्णन लिहिणं बरं नव्हे, पण तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहिते.

गुरुवारी आम्ही मॉन्टेरीला आलो. एकेकाळी हे तारलीचं गाव. 1930च्या दशकात किनाऱ्याला लागून तारली डब्यात भरायचे कारखानेच कारखाने होते. उपसा बेसुमार झाला, समुद्राचं पाणीही बदललं आणि 1950च्या सुमारास तारली जवळजवळ संपली. शेवटचा कारखाना 1973 साली बंद पडला. त्याच जागी 1984 पासून एक मोठं मत्स्यालय आहे आणि त्यांनी 1999 मध्ये खाणाऱ्यांसाठी माशांची यादी काढली: हिरव्यातला खुशाल खा, पिवळ्यातला चालेल, लाल टाळा. आम्ही जेवलो ते हॉटेल ही यादी पाळणारं.

मेनूत माशाच्या नावाखाली तो कुठे आणि कशाने धरला तेही छापलं होतं: गरीने, सापळ्याने की जाळ्याने. तुम्ही बाजारात टोपलीपुढे उकिडवे बसून जे विचारता तेच. इथल्या लोकांना विचारायला ओळखीची कोळीण नाही, मग रंगांवर भागवायचं. इथला रावस म्हणावा असा सामन मात्र नव्हता. नद्यांना पाणी कमी, त्यामुळे पिलावळ कमी, म्हणून 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियात सामनची व्यावसायिक मासेमारी बंद ठेवली. आपल्याकडे दोन महिन्यांच्या बंदीवर किती वाद होतात ते आठवलं.

मी सँडडॅब घेतला, आपल्या लेपासारखा चपटा, लोण्यात परतलेला. चव चांगली, मसाला शून्य. आणि माकुलं, इथे त्यांना स्क्विड म्हणतात. लसूण-लिंबावर नुसती भाजलेली, कोवळी, दात लावताच तुटणारी. वाढणाऱ्या मुलाने अभिमानाने सांगितलं, समोरच्या खाडीतली आहेत. तेही खात्रीने विचारावं लागतं, कारण इथली बरीच माकुलं गोठवून चीनला जातात आणि तिथून साफ होऊन परत येतात.

जेवून बाहेर आलो तर समुद्रात दिवेच दिवे. तुम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडता तेच: प्रखर दिव्यांच्या होड्या आणि त्यांच्या जोडीला पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा वेढून घेणारी मोठी जाळी. मला वाटलं, हे हॉटेलवाले आपल्याला फसवतायत की काय. रात्री खोलीवर बसून नियम वाचून काढले.

इथलं माकूल वर्षभरही जगत नाही. उथळ पाण्यात वाळूवर अंडी घालायला थवेच्या थवे जमतात आणि अंडी घालून मरतात. दिवे लावून जाळं टाकतात ते या थव्यांवर. म्हणून शुक्रवारी दुपारी बारापासून रविवारी दुपारी बारापर्यंत माकुलांची व्यावसायिक मासेमारी बंद, म्हणजे तेवढ्यांना तरी अंडी घालता यावीत. दर होडीला दिव्यांची मर्यादा 30,000 वॅट आणि उजेड खालीच पडेल अशी झडप हवी. परवाने मोजके. राज्यभरात हंगामाला सुमारे 1,07,000 टन झाले की त्या वर्षीची मासेमारी थांबते.

बाबा, आपल्याकडच्या एलईडी दिवेवाल्यांची बाजू मी घेत नाहीये. आपल्या समुद्रात दिव्याखाली एकच जात येत नाही. बांगडा, तारली, पापलेटची पिल्लं, सगळीच येतात आणि जाळं काही निवडून घेत नाही. अशा दिव्यांवर केंद्राची 2017ची बंदी आहे, पण रात्री क्षितिजावर काय दिसतं ते तुम्हीच जास्त सांगाल. माझं म्हणणं एवढंच की इथे भांडण दिव्याशी नाही, कोणता मासा, कधी आणि किती यावर आहे. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तुम्ही नुसतं 'दिवे बंद करा' म्हणता, तेव्हा समोरचा लगेच परदेशाचे दाखले देतो. आता त्याला विचारा, तिथल्यासारखी आठवड्याला दोन दिवसांची सुट्टी आणि टनांचा हिशेब मान्य आहे का?

आणखी एक तुम्हाला आवडेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथे चिनी कोळ्यांचा पाडा होता. दिवसा इटालियन मच्छीमारांशी तंटे नकोत म्हणून ते रात्री होडीवर लाकडं पेटवून माकुलं धरायचे. 1906 मध्ये तो पाडा जळाला.

आपल्या किनाऱ्यावर माकुलं अंडी कधी घालतात, हे सोसायटीतल्या किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या जुन्या रापणकरांना विचारून कळवा. आणि आईला सांगा, येणाऱ्या कुणाबरोबर तिरफळं पाठवायला विसरू नको. इथल्या माशाला त्यांची फार गरज आहे.

तुमची,
धाकटी