मंत्रिमहोदय, स्वयंसेवकाला आधी ‘समजूत घालू नका’ हे शिकवा

मा. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन, त्यांच्या घरी जायचे. घरात ज्येष्ठांचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर ती ओळखायची कशी आणि या स्वयंसेवकाने करायचे काय, हे मात्र कोणी शिकवत नाही. दीपप्रज्वलन, दोन भाषणे, चहा-बिस्किटे, प्रमाणपत्र, की झाले प्रशिक्षण.

न शिकवलेला भला माणूस हमखास एकच गोष्ट करतो. मुलाला, सुनेला आणि आजींना समोरासमोर बसवून समजूत घालतो. ‘भांड्याला भांडे लागायचेच.’ आजी मान डोलावतात. तो गेल्यावर त्याचे उट्टे आजींवर निघते आणि पुढच्या खेपेला त्या ‘सगळं छान आहे’ एवढेच म्हणतात. म्हणून पहिला धडा हाच: समजूत घालायची नाही, चौकशी करायची नाही. बघायचे, ऐकायचे, लिहून ठेवायचे, कळवायचे.

भेटीला दोघांनी जावे. एकाने घरच्यांशी श्रावणबाळ योजनेचे कागद, हयातीचा दाखला असे काही बोलत बाहेरच्या खोलीत बसावे, दुसऱ्याने ज्येष्ठांजवळ. एकांत मिळाला नाही, तर तसे नोंदवून लवकर पुन्हा जावे. एकटे बोलूच न देणे हीसुद्धा खूणच आहे. ‘मुलगा मारतो का?’ असे कधी विचारू नये. उत्तर ‘नाही’ येते, आणि ‘हो’ आलेच तर ‘तुम्हीच तोंडात घातलंत’ असे ऐकावे लागते. ‘आज काय जेवलात?’, ‘पेन्शन कोण काढून आणतं?’, ‘घरात कुणाची भीती वाटते का?’ असे विचारावे आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणेच सर्वांत अवघड जाते, त्याचा सराव करून घ्यावा लागतो.

खुणा नेमक्या शिकवाव्यात. नडगीवरचा काळानिळा डाग बहुधा धडपडण्याने होतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे डाग असतील तर कोणीतरी घट्ट धरलेले असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही डाग पडतो, म्हणून निदान करू नये, फक्त जागा आणि रंग लिहावा. औषधांच्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. चष्मा फुटून किती दिवस झाले, दाराला बाहेरून कडी आहे का, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे, हे पाहावे. विसरभोळेपणाच्या आजारात ‘माझे पैसे चोरले’ असे खोटे वाटू शकते, पण म्हणून ते झटकायचे नाही. त्यांचेच शब्द, त्याच बोलीत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहावेत.

‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. शहाणासुरता माणूस तक्रार नको म्हणाला तर ते मानावे. जिवाला धोका असेल तर मात्र थांबू नये. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते, रात्री-अपरात्री 112. छळ होणारी आई असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकते आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही, हे त्या कायद्यातच आहे. ‘आपल्यावर उलटेल’ या भीतीने गप्प बसणारे बरेच असतात.

2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात चरितार्थाच्या अर्जाला वकील लागत नाही. ज्येष्ठांना स्वतः जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. घर मुलाच्या नावे करणार असतील, तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घेण्याचा सल्ला सहीआधी द्यावा. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याला याच कायद्याच्या कलम 23 चा आधार मिळतो तो त्या अटीमुळे, आणि ती तोंडी राहिली की पुढे सगळा वाद तिच्यावरच होतो.

आमची मागणी अशी. 20-25 जणांची तुकडी, 24 तासांचे प्रशिक्षण, निम्मा वेळ प्रत्यक्ष सरावाला. नंतर जाणत्या स्वयंसेवकासोबत 4 भेटी, दर तिमाहीला उजळणी. आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. स्वयंसेवक शेजारच्या प्रभागातला किंवा गावातला असावा, कारण भावकीत कोणी तोंड उघडत नाही. त्याने पैसे, किल्ली किंवा पासबुक हाती घेऊ नये, मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये.

आणि प्रत्येक तालुक्यात स्वयंसेवकाचा फोन उचलणारा, 24 तासांच्या आत काय केले ते त्याला उलट कळवणारा एक माणूस नेमून द्या. नाव आणि नंबरासकट. तो नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर स्वयंसेवक लिहिणे सोडतो आणि पुन्हा समजूत घालायला लागतो.

आपले,
ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षक