दिव्यांचे फोटो छापलेत, आता पाईपच्या बेंडबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत बागेतल्या लाईटिंगवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत, कुठला दिवा झाडाखाली, कुठला पायवाटेला हे सगळं ठीक, पण जमिनीखालच्या पाईपबद्दल अख्ख्या लेखात एकच वाक्य, की पाईप हवा तसा वळवून घ्यावा. अहो, पाईप वळतो हो हवा तसा, पण त्यातून वायर ओढायची असते ना कुणीतरी! मी वायरिंगचं काम करतो म्हणून राहवलं नाही, लिहितोय.

वायर ओढताना प्रत्येक बेंडला ती आतल्या बाजूला घासते आणि हे घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर ९० अंशाच्या एका बेंडला ओढ, म्हणजे वायर खेचायला लागणारा जोर, दुपटीच्या थोडी वर जाते, दोन बेंडना जवळजवळ पाचपट आणि चार बेंडना तेवीसपट! म्हणूनच अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये वायर ओढायच्या दोन बॉक्सच्या मधले सगळे बेंड मिळून ३६० अंशांच्या वर जायचे नाहीत असा नियम आहे. वायर ओढायचं लुब्रिकंट लावून गुणांक ०.२ वर आणला तर चार बेंडना तेच साडेतीनपट होतं, मोठा फरक आहे, फक्त घरातलं ग्रीस किंवा तेल फासू नका, इन्सुलेशन खराब होऊ शकतं.

आता गंमत बघा, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चर अगदी सरळ असला तरी एकीकडे पाईप खाली उतरतो तिथे ९० आणि दुसरीकडे वर येतो तिथे ९०, म्हणजे १८० अंश आधीच खर्च. उरलेल्या १८० मध्ये झाडाची मुळं, पाण्याची लाईन, फरशीचा कोपरा सगळं बसवायचं. मधे मूळ आलं की बरेच जण काय करतात तर ९० अंशाचे चार एल्बो टाकून चौकोनी वळसा घालतात आणि पुन्हा रेषेवर येतात, झाले तिथेच ३६०, वर खांबाचे १८० वेगळेच. त्याऐवजी ३० अंशाचे चार बेंड मारले तर तोच वळसा १२० अंशांत होतो. हिशोबही सोपा आहे, ३० अंशाला जितकं बाजूला सरकायचं त्याच्या दुप्पट अंतर दोन बेंडमध्ये ठेवायचं, म्हणजे मूळ चुकवायला १५ सेंटीमीटर सरकायचं असेल तर ३० सेंटीमीटर. चर थोडा लांब खणावा लागतो एवढंच, आणि खणणाऱ्याला ते आवडत नाही हेही खरं.

प्लंबिंगचा छोटा एल्बो तर जमिनीखाली अजिबात नको. ओढ किती वाढणार हे अंशांवर असतं, पण वायरच्या अंगावर पडणारा दाब बेंडच्या त्रिज्येवर असतो, त्रिज्या निम्मी केली की दाब दुप्पट, आणि जाड वायर तर त्या कोपऱ्यात अडकूनच बसते. लाँग बेंड घ्या नाहीतर स्वतः वळवा.

वळवण्याबद्दलही सांगतो कारण इथेच बहुतेक पाईप बिघडतात. २० किंवा २५ एमएमचा पीव्हीसी पाईप आत स्प्रिंग घालून थंडच गुडघ्यावर वळतो, हवा त्यापेक्षा थोडा जास्त वळवायचा कारण सोडला की तो परत उघडतो. मोठा पाईप हीट गनने. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्यामुळे ब्लो टॉर्च मारायची काही गरज नाही, तपकिरी डाग आला की पाईप जळाला समजा. आणि चार बोटं जागा गरम करून वळवलं की तिथेच चिमटा बसतो. २० सेंटीमीटर त्रिज्येच्या ९० अंशाच्या बेंडमध्ये ३१ सेंटीमीटर पाईप जातो, मग तेवढा सगळा तुकडा फिरवत फिरवत सारखा गरम झाला पाहिजे. दोन इंचाच्या पुढे दोन्ही टोकांना बूच लावायचं, आत अडकलेली हवा गरम होऊन फुगते आणि पाईपला चपटा होऊ देत नाही. बूच पाईप गार झाल्यावरच काढायचं, ओलं फडकं गुंडाळून धरलं की लवकर गार होतो.

खोलीचं म्हणाल तर नियम प्रत्येक देशाचे वेगळे, तुमच्याकडचे बघून घ्या. वर सांगितलेल्या अमेरिकन कोडमध्ये साधारणपणे पीव्हीसी पाईपला १८ इंच, पाईपशिवाय पुरलेल्या केबलला २४ इंच आणि ३० व्होल्टपर्यंतच्या बागेच्या लो व्होल्टेज लाईटला ६ इंच आहे.

लेखात 'वॉटरप्रूफ पाईप' असाही शब्द आलाय. पाईप चिकटवायचं सोल्युशन कितीही नीट लावा, पाईपात पाणी येतंच, बाहेरून नाही आलं तर आतल्या हवेतला ओलावा गार होऊन साचतो. जमिनीखालचा पाईप आतून ओलाच असतो असंच धरायचं, म्हणून वायर ओल्या जागेसाठीची हवी, वायरचा जॉइंट जमिनीखाली नको, आणि पाईप भिंतीतून आत शिरतो तिथे डक्ट सील, म्हणजे पाईपचं तोंड बंद करायची पुटी, भरायचं नाहीतर ते पाणी थेट पॅनेलमध्ये.

अजून एक राहिलं, पीव्हीसी उन्हाने वाढतो, १० मीटरला ५० अंशांच्या फरकात साधारण ३ सेंटीमीटर. जमिनीखाली तेवढा फरक पडत नाही पण पाईप वर येऊन भिंतीवरच्या बॉक्सला पक्का बसवलेला असतो तिथे ऊन लागतं, शिवाय भरलेली माती दबते आणि पाईपला खाली खेचते, मग बॉक्सच उखडतो. तिथे एक एक्सपान्शन कपलर, म्हणजे पाईपला आत-बाहेर सरकू देणारा जोड, टाकायचा.

पुढच्या पुरवणीत दिव्यांचे दोन फोटो कमी करून उघड्या चराचा एक फोटो छापा, शेजारी टेप ठेवून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा. वाचकांनाही सांगा की माती लोटण्याआधी असाच फोटो काढून ठेवा, पुढे कुणी झाड लावायला कुदळ मारेल तेव्हा लागेल.

आपला,
एक वायरमन वाचक