घरपट्टीमाफी सैनिकांच्या दारी पोहोचावी

महोदय,
माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करावा लागतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणाऱ्या गावांतल्या म्हाताऱ्या विधवांनी या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे का घालावेत? माजी सैनिकांची नोंद त्या कार्यालयाकडे असतेच. ग्रामसेवकाने ती यादी मागवावी, बिले निघण्याआधी माफी लावावी आणि कागद अपुरे असतील तर घरी जाऊन पूर्ण करून घ्यावेत. दर वर्षी ग्रामसभेत ही योजना वाचूनही दाखवावी.

– एक वाचक, सातारा