अण्णा, ऑईल परत येतंय! एका एस्टीमवाल्याचं जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घे आणि निघ" म्हणून विषय मिटवता, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय. नाव टाकू नको म्हणालात, नाही टाकलं. कुपवाड एमआयडीसीत डेअरीच्या आणि साखर कारखान्यांच्या पाइपांचं आर्गॉन वेल्डिंग करणारे अण्णा एवढंच पुरे. तुमची नात वाचून दाखवील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे वडिलांच्या वेळची मारुती एस्टीम आहे, १.३ लिटरची, सोळा व्हॉल्व्हची. कंपनीच्या हिशेबात ८५ बीएचपी. तिला टर्बो लावायचा होता. एक्झॉस्टच्या गॅसवर टर्बोचं एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं, हे गाडीवाल्यांना सांगायला नको. एरवी तो इंजिनाला चिकटून मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडावर बसतो. पण एस्टीमच्या बॉनेटखाली रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बाकीचा संसार बसल्यावर हात घालायला जागा उरत नाही. म्हणून टर्बो पार मागे, डिकीखाली, मफलरच्या जागी टाकायचा घाट घातला. पुण्यात एका ठिकाणी विचारलं तर "असलं काही आम्ही करत नाही, इंजिनच बदला" असं उत्तर आलं. सांगलीत दोघातिघांनी हसून वाटेला लावलं.

तुम्हीही हसलात, खोटं कशाला बोलू. पण हसून झाल्यावर स्टूल पुढे सरकवलंत.

बूस्ट (हवेचा जादा दाब) किती, पॉवर किती, पळणार किती, हे सगळ्यांनीच विचारलं होतं. तुमचा प्रश्न वेगळाच होता. "आरं, ते टर्बोतलं ऑईल परत कसं यायचं ते सांग की आधी."

मला वाटतं अख्खं काम त्या एका प्रश्नावर उभं आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिनाचा पंप ऑईल दाबानं पाठवतो, ते मागे डिकीखालीसुद्धा पोचतं. पण टर्बोतून बाहेर पडताना त्याचा दाब संपलेला असतो. इंजिनाजवळच्या टर्बोत ते आपल्या वजनानं खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात पडतं. आमचा टर्बो संपच्या जवळजवळ बरोबरीला आणि तीनेक मीटर लांब, तिथून ते वर चढून येणार कसं? त्यासाठी वेगळा १२ व्होल्टचा पंप लागतो. इथपर्यंत मी वाचलेलं होतं, पंपही आणून ठेवला होता. पंपाच्या आधी काय हवं ते तुम्ही सांगितलंत. टर्बोतून ऑईल फेसाळून बाहेर येतं, डेअरीत जोरात पंप केलेलं दूध येतं तसं, आणि फेस ओढायला लागला की पंप नुसताच घरघरतो. म्हणून टर्बोखाली सरळ उताराचा जाड पाइप, त्याच्या खाली एक छोटी टाकी, टाकीत फेस बसणार आणि तळातून पंप खेचणार. ती टाकी तुम्ही तुमच्याकडच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपाच्या तुकड्यापासून केलीत. "उतार दे आणि कुठं खळगा ठेवू नको, दुधाची लाइन आन् ही लाइन एकच." आयुष्यात टर्बोला हात न लावलेला माणूस हे बोलत होता.

टर्बो स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनातला, जुना पण चांगला. डिझेलचा टर्बो पेट्रोलच्या गाडीला लावला की लोक नाकं मुरडतात आणि एरवी ते बरोबरच आहे, कारण पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त गरम असतो. पण मॅनिफोल्डपासून मागच्या चाकापलीकडे जाईस्तोवर गॅस बराच निवतो, त्यामुळे डिझेलचा टर्बो तिथं टिकतो. निवलेला गॅस आकसतो, म्हणून त्याला फिरवायला लहान टर्बाइनच लागतं, तेही जमून आलं. तरी पुढच्या पाइपाला ग्लास फायबरची पट्टी तुम्ही गुंडाळायला लावलीतच. "वाफेच्या लाइनला लॅगिंग करतात ते उगच न्हवं." गॅसमधली उष्णता म्हणजेच टर्बोची ताकद, ती रस्त्यात सांडायची नाही. उलट टर्बोकडून इंजिनाकडे येणारा हवेचा पाइप उघडा ठेवलात. ५ पीएसआय बूस्टला ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून ७५ अंशांच्या आसपास होऊन निघते, तिला गाडीखालच्या वाऱ्यावर जमेल तेवढं थंड होऊ द्यायचं.

आता वेल्डिंगचं. हे मी शेजारी उभं राहून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाइपाची दोन्ही तोंडं तुम्ही ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद केलीत. एका टोकाला आर्गॉन वायूची बारीक नळी खोचली आणि दुसऱ्या टोकाच्या टेपला दाभणानं भोक पाडलंत. मग काहीच न करता बसलात. मी घाई करत होतो. तुम्ही लायटर पेटवून भोकासमोर धरलात, ज्योत विझली, तेव्हा म्हणालात, "आता आत हवा न्हाई." मग तोंडावरची काच खाली. थंड झाल्यावर टेप काढून आत टॉर्च मारलीत तर सांध्याची आतली बाजू फिकट सोनेरी, गुळगुळीत. शेजारी मुद्दाम आर्गॉन न भरता केलेला एक तुकडा ठेवलात, तो आतून काळा आणि दाणेदार. नखानं खरवडला तर कण निघाले. गरम बाजूच्या पाइपातून तो कण सुटला तर दोन लाख फेऱ्यांच्या चक्रावर जाऊन आपटणार, थंड बाजूचा सुटला तर थेट सिलिंडरात. बाहेरून मोत्यासारखा दिसणारा वेल्ड आतून कसा असू शकतो हे त्या दिवशी कळलं. आता कुणाच्याही गाडीचा एक्झॉस्ट बघितला की आत डोकावायची खोड लागलीय, बायको वैतागलीय.

पाइप तापला की वाढतो हेही तुमच्याच डोक्यातून आलं. अडीच मीटरचा स्टेनलेसचा पाइप ४०० अंशांनी तापला तर साधारण १७ मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर कुठंतरी तडा जाणारच. वर आडवं बसलेलं इंजिन ॲक्सिलरेटर दिला की मागेपुढे डुलतं ते वेगळंच. कारखान्याच्या वाफेच्या लाइनला बसवतात तसला बेलो (वळ्यावळ्यांचा लवचीक तुकडा) तुम्ही मध्ये टाकलात आणि हँगर रबरचे ठेवलेत. थंड बाजूच्या सांध्यांना डेअरीचे टीसी क्लॅम्प आणि सिलिकॉनचे गॅस्केट. एक चिमटा सोडला की पाइप हातात. गॅरेजवाले बघून चाट पडतात. आणि त्या पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन प्लग, पावसाळी हवेतलं पाणी आणि ऑईलचा वाफारा साचला तर काढायला. हे मला कुठंच लिहिलेलं सापडलं नव्हतं.

एअर फिल्टर तुम्ही मागच्या चाकामागे लावू दिला नाहीत, त्याबद्दलही आभार. तिथं आपली काळी माती उडून दोन दिवसांत फिल्टरचं ढेकूळ झालं असतं. पाइप डिकीत वर घेतला, डिकीची अर्धी जागा गेली, जाऊ दे.

सुरू केली त्या दिवसाचं मात्र सांगायलाच हवं. आयडलला छान. पाचेक मिनिटांनी मागून निळा धूर, असा की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले. जमलेल्या प्रत्येकाचं एकच मत, टर्बोचं सील गेलं, दुसरा आण. तुम्ही एक शब्द न बोलता पोतं टाकून गाडीखाली गेलात आणि ड्रेनचा, म्हणजे टर्बोतून ऑईल खाली उतरायचा पाइप बोटांनी चाचपलात. एक क्लिप सरकली होती, पाइपाला पोट पडलं होतं आणि त्या पोटात ऑईल थांबलं होतं. टर्बोत रबरी सील नसतंच, पिस्टनसारख्या बारीक रिंगा असतात. ऑईलला खाली जायला वाट मोकळी असेल तरच त्या काम करतात, तुंबलं की ते चक्राच्या बाजूनं बाहेर येतं. चार बोटं पाइप कापलात, नवी क्लिप मारलीत. एक्झॉस्टमध्ये साचलेलं जळून जाईपर्यंत धूर येत राहिला आणि मग थांबला. एक चांगला टर्बो भंगारात जायचा वाचला.

मग पंपाची वायरिंग तुम्ही स्वतः उभं राहून बदलून घेतलीत. चावी बंद केल्यावरही टाइमरवर तो अर्धा मिनिट चालतो, टाकी रिकामी करूनच थांबतो. टर्बोला ऑईल पोचवणाऱ्या फीडच्या लाइनला एकेरी व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे गाडी उभी असताना ऑईल टर्बोत झिरपत नाही. लाइन टेफ्लॉनची, वरून स्टीलची जाळी आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूनं नेलेली. ती फुटली तर टर्बो तर जाईलच, पण इंजिनाचं सगळं ऑईल रस्त्यावर सांडून इंजिनही जाईल, म्हणून डॅशबोर्डवर ऑईल प्रेशरचा एवढा मोठा लाल दिवा. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा. लांब पाइपांत अर्धा लिटर ऑईल जास्तीचं मावतं, तेही भरायची आठवण तुम्हीच केलीत.

ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं काम मिरजेच्या एका पोरानं केलं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे आंधळा, तो बदलून वेगळा ईसीयू लावला. त्याचे आभार मी वेगळे मानलेत, इथं त्याला मध्ये आणत नाही.

पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली आणि आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठणार अशी बातमी आली, तेव्हा माझी गाडी नदीजवळच्या गावभागात लोखंडी स्टँडवर चढवलेली, खाली एक्झॉस्ट नाही, ढकलताही येईना. २०१९चा महापूर बघितलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागत नाही. मी फोनही केला नव्हता. सकाळी तुमचा टेम्पो दारात, दोन पोरं आणि लोखंडी रॅम्प. गाडी पाणी उतरेपर्यंत तुमच्या शेडमध्ये होती आणि तुमचा स्वतःचा माल ताडपत्रीखाली बाहेर. हे तुम्ही कुणाला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतोय.

कायद्याचंही तुमच्यामुळे सरळ झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असला बदल करून गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही. तुम्ही म्हणालात, रस्त्यावर पळवणार असशील तर मी टाका मारणार नाही. आता ती ट्रेलरवरून जाते, परवानगीनं होणाऱ्या बंद मैदानातल्या ऑटोक्रॉसच्या शर्यतीला, आणि ट्रेलरवरूनच घरी येते.

कशी पळते? खाली थोडी आळशी, एवढी लांब नळी दाबानं भरायला वेळ लागणारच. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की मागून शीळ ऐकू येते आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नेलेली नाही, त्यामुळे बीएचपीचा आकडा सांगत नाही. ५ पीएसआयच्या वर जायचा मोह होतो, पण मूळच्या पिस्टनांवर मी तो करणार नाही.

अल्फ्रेड बुशी नावाच्या स्विस अभियंत्यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्याचं ऑईल परत यायचं का?" त्याचं मला माहीत नाही अण्णा, आपलं येतंय.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. "आर्गॉनचा सिलिंडर भरून दे" म्हणालात, तो दिला, पण तो काही हिशेब नव्हे. तेव्हा असं करा, ऊसाचा हंगाम सुरू होऊन कारखान्यांचे फोन यायच्या आधी एक रविवार मोकळा ठेवा. ऑटोक्रॉसला शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं, हेल्मेट मी आणतो. आणि येताना तो टीसी क्लॅम्पचा एक जादा गॅस्केट खिशात असू द्या, मागचा जरा चेपलाय.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
विश्रामबागचा एस्टीमवाला